चाचणी ‘पास’ झाली, तर खिंड चढायची का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आमचा सहा जणांचा जुना ग्रुप आहे. यंदा पहिल्यांदाच भर हिवाळ्यात, बर्फातून एक उंच खिंड ओलांडायचं ठरलंय. निघायला दोन महिने आहेत. खिंडीखालचा शेवटचा टप्पा म्हणजे एक रुंद, उघडा आणि चांगलाच उभा उतार. दुसरी वाट आहे, पण तिने खिंड होत नाही, नुसतं जंगलातल्या एका सोंडेवर जाऊन परत यावं लागतं. ग्रुपमधला सर्वांत अनुभवी मित्र म्हणतो, हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये धोका ३ पर्यंत असेल तर जायचं, ४ असेल तर नाही. त्या दिवशी सकाळी उताराजवळ खड्डा खणून बर्फाची चाचणी करायची, ती पास झाली की वर. शिवाय सगळ्यांकडे ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारं, अंगावर बांधायचं रेडिओ उपकरण) असतील. बारा हिवाळे तो असाच फिरलाय, कधी काही झालं नाही. मी दोन-तीन शंका काढल्या तर ‘तू फार वाचतेस’ म्हणून हसण्यावारी नेल्या. हा बेत बरोबर आहे का? दोन महिन्यांत मला बर्फ ओळखायला शिकता येईल का? आणि ऐन वेळी मला पटलं नाही, तर पाच जणांची वाट अडवायचा मला काय अधिकार?

उत्तर:

तुम्ही फार वाचता असं मला वाटत नाही. तुमच्या मित्राने मात्र बुलेटिनचा नुसता आकडा वाचायचं ठरवलेलं दिसतंय. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

धोक्याची ही पट्टी पाच पायऱ्यांची आहे: १ कमी, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ मोठा, ५ अतिमोठा. युरोपातल्या हिमस्खलन सेवांनी ती १९९३ साली एकत्र स्वीकारली आणि आज थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी तीच चालते. पाचातला तीन म्हणजे मधला, फार काही नाही, असं कुणालाही वाटेल. पण ही पट्टी सारख्या उंचीच्या पायऱ्यांची नाही. दर पायरीला धोका कित्येक पटींनी वाढतो. ३ चा अर्थ असा की सांगितलेल्या उभ्या उतारांवर एकट्या माणसाच्या वजनानेही बर्फ सुटू शकतो. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनात दगावणाऱ्यांपैकी साधारण निम्मे लोक ३ च्या दिवशीच दगावतात. ४ आणि ५ च्या दिवशी हवाच अशी असते की माणूस आपणहून घरी बसतो. ३ च्या दिवशी वादळ सरलेलं असतं, ऊन पडलेलं असतं आणि सुट्टी संपत आलेली असते.

आकड्याच्या खाली बुलेटिनमध्ये जे लिहिलेलं असतं, ते आकड्याहून जास्त कामाचं. कोणत्या दिशेचे उतार, किती उंचीच्या वर, आणि अडचण नेमकी कसली: नवा बर्फ, वाऱ्याने साठवलेला बर्फ, खोलवर गाडला गेलेला दुबळा थर, की ओला बर्फ. या प्रत्येकाशी वागायची रीत वेगळी. नवा बर्फ दोन-चार दिवसांत बऱ्याचदा बसतो. वाऱ्याचा बर्फ कुठे साठलाय ते पुष्कळदा दिसतं, मग त्याला वळसा घालता येतो. खोलवरचा दुबळा थर मात्र वरून दिसत नाही आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. आकडा ३ वरून २ वर आला तरी तो जाग्यावरच असतो. बुलेटिनमध्ये या तिसऱ्या प्रकाराचा उल्लेख असेल, तर माझ्या मते तुमच्या त्या उघड्या उताराचा विचार त्या फेरीपुरता सोडून द्यावा. खड्डासुद्धा खणत बसू नये.

असं का म्हणतोय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला बर्फ ओळखायला शिकायचंय. डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक वादळ, प्रत्येक वारा, प्रत्येक निरभ्र रात्र आपापला थर घालून जाते. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो आणि वरची हवा उणे पंधरा, उणे वीस. बर्फाची एकूण जाडी कमी असली, की ही सगळी तफावत थोडक्या अंतरात मावते. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडू लागला, की आतली वाफ वर सरकते आणि कणांची ठेवणच बदलते. एकमेकांना चिकटलेले बारीक कण जाऊन कोनदार, सुटे, साखरेसारखे दाणे होतात. हातमोज्यात मूठभर घ्या आणि गोळा वळायला जा. वळत नाही, बोटांमधून गळून जातो. अशा दाण्यांवर पुढच्या वादळाचा किंवा वाऱ्याने ठासलेला घट्ट थर बसला, की खाली भुसभुशीत आणि वर कडक अशी अवस्था होते. हा वरचा थर म्हणजे स्लॅब. शांत, निरभ्र रात्री पृष्ठभागावर जे चकचकीत पापुद्रे उगवतात, ज्यांचे आपण हौसेने फोटो काढतो, तेही पुढच्या बर्फाखाली गाडले गेले की असाच दुबळा थर होऊन बसतात.

तुमचं वजन स्लॅबवर पडतं, खालचा थर एका जागी मोडतो, आणि ती मोड पापणी लवायच्या आत उतारभर पसरते. म्हणून स्लॅब तुटल्याची रेघ पुष्कळदा पायाखाली न उमटता डोक्याच्या वर कुठेतरी उमटते. मोड सपाटीवरून सुरू होऊन वरच्या उताराला जाऊन भिडल्याचीही उदाहरणं आहेत. (ओरडल्याने हिमस्खलन होतं, हे मात्र सिनेमातच.) डोंगरात हौसेने फिरणारा माणूस हिमस्खलनात सापडून दगावतो, तेव्हा दहातल्या नऊ वेळा ते त्याच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वजनानेच सुटलेलं असतं.

आता ती चाचणी. तुमचा मित्र बहुधा लांब खांबाची चाचणी करणार असेल. उताराला आडवा ९० सेंटिमीटर आणि वर-खाली ३० सेंटिमीटर असा बर्फाचा खांब चारही बाजूंनी सुटा करायचा. एका टोकावर फावड्याचं पातं आडवं ठेवायचं आणि त्यावर आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा थापा मारायच्या. एखाद्या थरात भेग येऊन ती लगेच खांबाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, तर विषय संपला. त्या दिशेच्या, त्या उंचीच्या उभ्या उतारांवर त्या दिवशी जायचं नाही. या चाचणीचा नकार असा स्वच्छ असतो, म्हणून मला ती आवडते. तिच्या होकारावर मात्र माझा विश्वास नाही.

कारण खड्डा मीटरभराचा आणि उतार शेकडो मीटरचा. एका जागी वाऱ्याने दीड मीटर बर्फ साठवलेला असतो, वीस पावलांवर खडकापाशी तोच चाळीस सेंटिमीटर. माणसाच्या वजनाने स्लॅब मोडतो तो पुष्कळदा अशाच पातळ जागी, जिथे दुबळा थर पायाच्या जवळ असतो. तुमचा खड्डा नेमका तिथे पडेल याची खात्री कुणी द्यायची? शिवाय ज्या उताराची शंका आहे, त्याच्या मधोमध जाऊन खणणं म्हणजे परीक्षेआधीच उडी मारणं. त्यामुळे खड्डा बाजूच्या एखाद्या लहानशा, निर्धोक उतारावर खणावा लागतो आणि तिथलं उत्तर तिकडे लावावं लागतं. आणि एक गोष्ट चाचणीच्या पुस्तकात नसते: पहाटेची वेळ, गारठलेले पाच जण भोवती उभे, खिंड समोर दिसतेय. त्या क्षणी कुणालाच ती चाचणी नापास व्हायला नको असते. एकविसाव्या थापेला आलेली भेग ‘जरा जोरात मारलीस’ म्हणून खपून जाते.

तेव्हा खड्डा जरूर खणा, पण नियम आधीच ठरवून ठेवा: खड्ड्याला बेत रद्द करायचा अधिकार आहे, मंजूर करायचा नाही. बुलेटिन आणि नकाशा पाहून जो उतार आदल्या रात्री नको ठरला, तो सकाळच्या खड्ड्याने हवाहवासा होत नाही.

खड्ड्याहून ठळक खुणा वाटेवर आपसूक मिळतात. त्याच दिशेच्या शेजारच्या उतारावर ताजं हिमस्खलन झालेलं दिसलं. पाय टाकताच ‘वुम्फ’ असा खोल आवाज होऊन बर्फ खचला. चालताना पायापासून भेगा लांबवर पळाल्या. गेल्या चोवीस तासांत तीसेक सेंटिमीटर बर्फ पडला. धारेवरून बर्फाची धूळ उडतेय, म्हणजे पलीकडच्या आडोशाच्या उतारावर ती साठतेय, आणि तीही नुसत्या हिमवर्षावाच्या कितीतरी पट वेगाने. एकाएकी ऊब वाढली किंवा पाऊस आला. यातल्या पहिल्या तिनांपैकी एकही दिसली, की मला खड्ड्यात काय निघालं हे ऐकायची उत्सुकता उरत नाही.

बारा हिवाळ्यांचा मुद्दा नाजूक आहे, कारण तो तुमच्या मित्राचा अपमान न करता सोडवायला हवा. अनुभवाला किंमत आहेच. पण अनुभवातून शहाणपण यायला चूक केल्यावर फटका बसावा लागतो. बर्फात बहुतेक वेळा तो बसत नाही. शंभर वेळा चुकीचा निर्णय घेऊन उतार पार केला आणि तो सुटला नाही, तर मनात शंभर वेळा ‘आपण बरोबर होतो’ हीच नोंद होते. अमेरिकेतले हिमस्खलन-संशोधक इयान मॅक्कॅमन यांनी सातशेहून अधिक अपघात तपासले. ओळखीचा उतार, ठरवलेलं पूर्ण करायचा हट्ट, लीडरवर टाकलेला भरवसा, इतरांच्या ताज्या पाऊलखुणा या गोष्टींनी जाणत्या माणसांचेही निर्णय कसे वाकतात, ते त्यांनी मांडलं. प्रशिक्षण घेतलेले लोक त्यातून सुटत नाहीत. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या टनेल क्रीक इथे सोळा जणांचा गट उतरायला निघाला. त्यात बर्फावरच पोट असलेली, तो डोंगर पाठ असलेली माणसं होती. आदल्या दोन दिवसांत भरपूर बर्फ पडला होता, बुलेटिनने इशारा दिला होता. तिघे गेले. वाचलेल्यांपैकी काहींनी नंतर सांगितलं की एवढ्या मोठ्या गटाने उतरणं त्यांना खटकत होतं, पण कुणी बोललं नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आलं.

मग करायचं काय? माझा सल्ला असा की ‘बर्फ पक्का आहे का’ हा प्रश्नच चर्चेच्या केंद्रातून काढा. त्याचं खात्रीशीर उत्तर तुम्हाला, मला किंवा तुमच्या मित्राला त्या सकाळी मिळणार नाही. त्याऐवजी विचारा: आपण कोणत्या उतारावर किंवा कोणत्या उताराखाली उभे राहणार आहोत, आणि आपला अंदाज चुकला तर काय होईल? याचं उत्तर घरबसल्या नकाशावर मिळतं.

स्लॅब सुटतात ते मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, आणि ३५ ते ४० मध्ये सर्वांत जास्त. ३० च्या खाली, वर उभा उतार लटकत नसेल तर, ते क्वचितच सुटतात. उताराचे रंग दाखवणारे नकाशे आता फोनवर मिळतात. जागेवर गेल्यावर ट्रेकिंग पोल बर्फावर आडवा ठेवून त्यावर फोनचा कोनमापक लावा. डोळ्याचा अंदाज पाच-सात अंशांनी सहज चुकतो, आणि बरा उतार व वाईट उतार यांतलं अंतर तेवढंच असतं. मग खाली बघा. उतार पसरत पसरत मोकळ्या पठारावर संपत असेल, तर लहानसा स्लॅब तुम्हाला नुसतं पाडेल. तोच घळीत, नाळेत, कड्यावर किंवा झाडांत संपत असेल, तर तेवढाच बर्फ जीव घ्यायला पुरतो. घळीत तो पसरत नाही, खोल साठतो. आणि वर बघा: तुम्ही सपाटीवर असलात तरी वरच्या उताराचा बर्फ थांबतो ती जागा तुमचीच असू शकते. तंबू लावताना लोक हे हमखास विसरतात. रात्री बर्फ पडत राहतो आणि आपण झोपलेले असतो. झाडं एका बाजूने फांद्या तुटलेली दिसली, किंवा जंगलातून वरून खाली झाडंच नसलेला पट्टा गेलेला दिसला, तर तिथे मुक्काम करायचा नाही.

तुमच्या पत्रावरून तो शेवटचा उतार मला तरी चांगला वाटत नाही. रुंद, उघडा, उभा, खिंडीच्या लगत खाली; अशा जागी वारा धारेपलीकडचा बर्फ आणून टाकतो, वर बर्फाची छपरी लोंबत असण्याचीही शक्यता. उलट ज्या वाटेबद्दल तुम्ही ‘नुसतं’ म्हणालात, ती जंगलातली सोंड मला अख्ख्या पत्रातली सर्वांत आवडलेली गोष्ट. सोंडेवर दोन्ही बाजूंचा बर्फ खाली जातो, अंगावर येत नाही. झाडी दाट असेल तर आणखी बरं. विरळ झाडीचा मात्र काही उपयोग नाही. माणूस आरामात चालू शकेल इतकी मोकळी झाडं बर्फालाही अडवत नाहीत.

म्हणून बेत उलटा करून पाहा. सोंड हाच मुख्य बेत. खिंड तेव्हाच, जेव्हा आकडा १ असेल, किंवा २ असून दुबळ्या थराचा उल्लेख नसेल, वाटेत एकही खूण दिसली नसेल आणि सहाच्या सहा जणांना पटलं असेल. खिंडच हवी असा ग्रुपचा आग्रह असेल, तर तारीख वसंताकडे सरकवा. तेव्हा रात्री बर्फ कडक गोठतो, पहाटे निघून ऊन लागायच्या आत उभा उतार मागे टाकता येतो. रात्री ढग राहून बर्फ गोठला नाही, किंवा पाय घोट्याच्या वर रुतू लागला, तर परत फिरायचं. त्याचेही धोके आहेत, पण ते घड्याळ पाहून बऱ्याच अंशी टाळता येतात. हिवाळ्यातल्या खोल दुबळ्या थराचं तसं नसतं. प्रशिक्षित गाइड घ्यायचा पर्यायही चांगला, फक्त ‘खिंड करून द्या’ असं सांगून घेऊ नका. तसं सांगितलं की त्यालाही परत फिरणं जड जातं.

ट्रान्सीव्हरबद्दल एवढंच: ते असलेच पाहिजेत, पण निर्णयात त्यांना मत नाही. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले दहांतले नऊ जगतात. अर्ध्या तासाला तीनच. म्हणजे शोधणं आणि खणणं सगळं तुम्हा सहा जणांनाच करायचंय, बाहेरून मदत येईपर्यंत वेळ गेलेली असते. थांबलेला बर्फ भुसभुशीत राहत नाही, घट्ट बसतो. मीटरभर खोल माणूस काढायला टनाच्या हिशेबाने बर्फ उपसावा लागतो. त्यामुळे ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब, घडीची काठी) आणि धातूचं फावडं हे तिन्ही प्रत्येकाकडे हवं. आणि आपटून होणाऱ्या जखमांवर यातल्या कशाचाच इलाज नाही. शंकेचा उतार ओलांडायचाच असेल तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवून. सहा जण एकाच वेळी उतारावर असतील तर शोधायला कोण उरणार?

अधिकाराचा प्रश्न. सहांपैकी कुणाही एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार, आणि कारण पटवून द्यायची सक्ती नाही, असा नियम अनेक जाणते गट पाळतात. तो तुम्ही त्या सकाळी मागितलात तर रुसवा वाटेल. आत्ता, दोन महिने आधी, सगळे घरात बसलेले असताना मागितलात तर तो सगळ्यांसाठीच असतो, मित्रासाठीसुद्धा. त्यालाही कधी तरी परत फिरायचं असेल आणि लीडर म्हणून बोलता येत नसेल. त्याला ‘तू चुकतोयस’ म्हणू नका. ‘कोणत्या खुणा दिसल्या तर तू परत फिरशील?’ असं विचारा आणि तो सांगेल त्या कागदावर उतरवा. ज्याला एकही सांगता येत नाही, त्याच्यामागून मी तरी जाणार नाही.

एवढं करूनही ते पाच जण उताराकडे निघालेच, तर तुम्ही जाऊ नका आणि एकट्या खालीही उतरू नका. उताराच्या पल्ल्याबाहेर, जिथून तो अख्खा दिसतो अशा जागी थांबा, ट्रान्सीव्हर चालू ठेवा. कुणी हिमस्खलनात सापडलंच तर शेवटचं कुठे दिसलं ते सांगणारं माणूस लागतं.

राहिला शिकण्याचा मुद्दा. दोन महिन्यांत बर्फ ओळखता येणार नाही, तो हट्ट सोडा. दोन-तीन दिवसांचा प्राथमिक हिमस्खलन कोर्स मात्र होतो, शक्य तर मित्रासकट करा. त्या भागाचं बुलेटिन आजपासून रोज वाचा, म्हणजे दुबळा थर कधी तयार झाला आणि कुठवर टिकला हे निघायच्या वेळी तुम्हाला ठाऊक असेल. आणि मैदानात किंवा बागेत एकाने ट्रान्सीव्हर पिशवीत घालून लपवायचा, बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधायचा, असा सराव चार-पाचदा करा. शोधताना फोन उपकरणापासून निदान ५० सेंटिमीटर लांब ठेवा, नाही तर वाचन गडबडतं. ट्रान्सीव्हर भाड्याने घेणार असाल तर बॅटऱ्या आपल्या, नव्या आणि उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारच्याच घाला.